सोन्याच्या डबीतली माती



भीमजयंती जवळ आली की आम्ही आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराबाहेर एक टेबल मांडून बसतो. टेबलावर निळे कापड आणि कापडावर आमच्या हातचे दागिने. सोन्याचांदीचे नव्हेत, भाजक्या मातीचे. कानातले, माळा, बांगड्या, लहान मुलींसाठी मण्यांची कडी. येणारी बाई आधी किंमत विचारते. मग एखादे कानातले उचलून उजेडात धरते आणि हमखास म्हणते, "ताई, हे तुम्हाला सुचतं तरी कुठून?"

किंमत आम्ही लगेच सांगतो. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र टेबलापाशी उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून आज ते सवडीने लिहीत आहोत. हे उत्तर सापडायला आम्हाला दोन वर्षे लागली, आणि ते सापडले नसते तर आमचे काम केव्हाच बंद पडले असते.

साचा दुसऱ्याचा

आम्ही म्हणजे दोघी जावा. राहायला नालासोपाऱ्याला, चाळीत. थोरली चार घरची धुणीभांडी करायची. धाकटी घरी बसून नकली दागिन्यांना खडे चिकटवायची. पैसे डझनावर. साचा कारखान्याचा, खडे कारखान्याचे, नमुनाही त्यांचाच. आपले काय, तर डोळे आणि पाठ! २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि दोघींची कामे एकाच आठवड्यात थांबली.

थोरलीच्या माहेरी शेजारीच कुंभारांची घरे होती. लहानपणी ती मातीच्या चुली, बाहुल्या करायची. धाकटीच्या हाताला बारीक कामाची सवय. टाळेबंदी उठल्यावर दोघींनी ठरवले की मातीचे दागिने करून पाहू. भांडवल फार लागत नाही. माती भिजवायची, कापडातून गाळायची, आणि खडा किंवा हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून कणकेसारखी मळायची. हत्यारे घरातलीच. लाटणे, सेफ्टी पिन, संपलेल्या पेनाची रिफिल, जुना कंगवा, बाटलीचे झाकण. मणी वळून सुईने भोक पाडायचे आणि सावलीत वाळत घालायचे. भाजायला लोकलने माहीमला उतरून धारावीच्या कुंभारवाड्यात. तिथले एक काका आपल्या भट्टीत कोपऱ्यात आमचा डबा ठेवू देत.

पहिल्या खेपेला निम्मे मणी फुटून आले. काकांनी एक तुकडा बोटात धरून पाहिला आणि म्हणाले, "वरून वाळलेत बाई, आतून ओले होते." आत राहिलेल्या पाण्याची भट्टीत वाफ होते आणि ती मणी फोडून बाहेर पडते. हे शिकलो. पण खरी चूक वेगळीच होती, ती उशिरा कळली.

आम्ही नमुने मोबाईलवर बघून करत होतो. दुसऱ्यांनी केलेले मोर, हत्ती, देवळातल्या दागिन्यांची नक्कल. जसेच्या तसे. आणि ते विकले जात नव्हते. का विकले जावेत? तेच मोर बाजारात साच्यातून निघालेले, आमच्याहून चकचकीत, आमच्या निम्म्या किमतीत मिळत होते. आम्ही साचा बदलला होता, पण तो अजूनही दुसऱ्याचाच होता.

सासूबाईंचा प्रश्न

त्यातच घरातून विरोध झाला. पैशावरून नव्हे. आमच्या सासूबाई, वय पंचाहत्तरच्या पुढे, आमच्या मण्यांच्या ताटाकडे बघायच्याही नाहीत. त्यांच्या गळ्यात आम्ही कधी एक मणी पाहिलेला नाही. एके दिवशी धाकटीने हौसेने त्यांच्यापुढे माळ धरली, तेव्हा त्या म्हणाल्या, "ज्या मण्यांवरून आम्हाला लांबून ओळखायचे, तेच मणी आता तुम्ही आपल्या पोरींच्या गळ्यात घालणार?"

मग त्यांनी आपल्या आजीची गोष्ट सांगितली. आजी महाडजवळच्या खेड्यातली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद भरली. त्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या बायकांना मुद्दाम वेगळे मार्गदर्शन केले, हे आपण सर्व जाणतोच. लुगडे नेसण्याची पद्धत, गळ्यातल्या ढीगभर गळसऱ्या, हातात कोपरापर्यंत चांदीच्या नाहीतर कथलाच्या गोठ-पाटल्या, या सगळ्या अस्पृश्य म्हणून ओळखू येण्याच्या खुणा आहेत, त्या टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका, असाही त्यांचा रोख होता. दुसऱ्या दिवशी बायका घोट्यापर्यंत लुगडे नेसून आल्या. सासूबाईंची आजी घरी गेली ती मोकळ्या गळ्याने. जन्मभर तिने पुन्हा गळसरी घातली नाही. तिच्या लेकीने नाही, नातीनेही नाही.

सासूबाई म्हणाल्या, "सोनं नाही तर काहीच नको, असं आमच्या आजीनं पाळलं. आणि तुम्ही माती घाला म्हणता?"

भगिनींनो, त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही ताट उचलून फळीवर ठेवले. तीन आठवडे मातीला हात लावला नाही.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. थोरलीचा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. त्याने बाबासाहेबांच्या १९३६ सालच्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथातला एक भाग आम्हाला समजावून सांगितला. इंदूर भागातल्या बलाई समाजावर तिथल्या सवर्णांनी हुकूम लादले होते. त्याची बातमी जानेवारी १९२८ मध्ये वर्तमानपत्रात आली होती आणि बाबासाहेबांनी ती ग्रंथात दिली आहे. त्या हुकुमांत एक असा की बलाई स्त्रियांनी सोन्याचे किंवा चांदीचे दागिने घालू नयेत.

आम्ही दोघी बराच वेळ गप्प होतो. एका गावात विशिष्ट दागिना आपल्या बाईची खूण होऊन बसलेला, दुसऱ्या गावात दागिना घालायलाच बंदी. दोन्हीकडे गोष्ट एकच. आपल्या बाईच्या अंगावर काय असावे हे दुसरा कोणी ठरवत होता. बाबासाहेबांनी मोडले ते हे. आमच्या मनात आले, मग आपण मोबाईलवरच्या नमुन्यांची नक्कल करतो तेव्हा तरी आपले आपण कुठे ठरवतो? सासूबाई चुकत नव्हत्या. माती घालावी की नाही, याआधी 'हा घाट कोणाचा' हा प्रश्न होता.

घरामागचा स्तूप

नालासोपाऱ्यात राहून सोपाऱ्याचा स्तूप पाहिला नाही, असे आमचे झाले होते. वंदनेला जात होतो, मेणबत्ती लावत होतो, पण पाहिला नव्हता. मुलगा एका रविवारी आम्हाला घेऊन गेला आणि तिथे गवतात बसून त्याने सारी हकीकत सांगितली.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ही जागा उकरली. गावातले लोक त्या टेकाडाला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. आत विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडाचा मोठा करंडा. त्यात तांब्याची डबी, तिच्याभोवती आठ लहान मूर्ती. तांब्याच्या डबीत चांदीची, चांदीच्या डबीत दगडाची, दगडाच्या डबीत स्फटिकाची, आणि सर्वांत आत सोन्याची इवलीशी डबी. बरोबर सोन्याच्या पत्र्याची फुले. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने जपला आहे.

"आणि सोन्याच्या डबीत काय होतं?" धाकटीने विचारले. तिला वाटले, हिरे असतील.

"मातीचे तुकडे," तो म्हणाला. "तेरा. मातीच्या भांड्याचे."

इंद्रजींनी ते तथागतांच्या भिक्षापात्राचे तुकडे मानले. भिक्षापात्राचे मोल ज्यांना कळले त्यांनी त्याच्या खापरीभोवती सोने, सोन्याभोवती स्फटिक, दगड, चांदी, तांबे अशी एकात एक घरे केली. सोने माती सांभाळायला होते!

संध्याकाळी आम्ही हे सासूबाईंना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी फळीवरचे ताट खाली काढून ठेवलेले होते. आम्ही दोघींनी काढले नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही मोबाईल बाजूला ठेवला आणि एक दोनशे पानी वही घेतली.

नाव ऐका, घाट दिसेल

पहिली पाने आम्ही नावांनी भरली. आपल्या मराठी दागिन्यांची नावेच बघा ना. बोरमाळ, म्हणजे बोराएवढ्या मण्यांची. जोंधळी पोत, म्हणजे जोंधळ्याच्या दाण्यासारखे मणी. जवमणी जवासारखे लांबट. बकुळहार बकुळीच्या फुलांचा. पायाच्या बोटांत मासोळ्या. ज्यांनी हे दागिने प्रथम घडवले त्यांच्यापुढे कोणतेही पुस्तक नव्हते. शेत होते, झाड होते, ओढा होता. जे रोज दिसते तेच त्यांनी गळ्यात आणि पायांत आणले.

मग आम्हाला रोज काय दिसते? आम्ही चाळीत राहतो, लोकलने फिरतो. वहीत लिहू लागलो. वसईची पाने विकणारी बाई पानांची चवड गोल रचते, ती रचना. पावसात पत्र्याच्या कडेला एका रांगेत लोंबणारे थेंब. भाताच्या शेवटच्या वाफेने झाकणाच्या आत उमटलेली नक्षी. चिंचोका. करंजीची मुरड. ही मुरड तर आमच्या हातात जन्मापासून होती! थोरलीने मातीच्या चंद्रकोरीला करंजीसारखी मुरड घातली आणि कानातले झाले. ते टेबलावर ठेवले की बाया ओळखून हसतात. "अगं, ही तर करंजी!" म्हणतात, आणि घेतात.

तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. कल्पना आकाशातून पडत नाही. ती रोजच्या कामात पडलेली असते. आपण तिच्याकडे काम म्हणून बघतो, घाट म्हणून बघत नाही, एवढेच.

लेण्यातले लेणे

आपल्या भाषेत लेणे म्हणजे दागिना, आणि लेणे म्हणजे डोंगरात कोरलेले घर. एकाच शब्दात दोन्ही. आपल्या समाजाला दुसऱ्या लेण्यांची ओढ आहेच. आम्ही पहिल्या लेण्यासाठी दुसऱ्या लेण्यात जाऊ लागलो.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी आम्हाला जवळची. तिथे शंभराहून अधिक लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाचा मोठा चैत्य साधारण अठराशे वर्षांपूर्वीचा, सातवाहन काळातला. त्याच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. त्यांच्या कानांत जड कुंडले, हातांत कांकणे, कमरेला मेखला, बायकांच्या पायांत जाड तोडे. आधी आम्ही मूर्तींचे चेहरे पाहून पुढे जायचो. आता दागिने बघायला थांबलो. काही बाया म्हणाल्या, "पाया पडायला आलात की दागिने बघायला?" आम्ही म्हटले, दोन्ही.

चैत्याची कमान पाहिली. घोड्याच्या नालेसारखी, आणि नीट पाहिले तर पिंपळाच्या पानासारखी. तिचे लोंबते कानातले झाले. स्तूपाभोवतीचे दगडी कठडे पाहिले. उभे खांब, आडवे दांडे. त्यांची बांगडी झाली. आणि झुमका तर उघडच होता. झुमका म्हणजे लहानसा घुमट. स्तूपाच्या अर्धगोलासारखा मातीचा झुमका वळताना आम्हाला वाटले, हा घाट आपल्याला कोणी शिकवण्याची गरजच नव्हती.

धाकटीचे माहेर सिल्लोडकडचे. शाळेच्या सहलीत तिने अजिंठा पाहिला होता. सतराव्या लेण्यातली एक अप्सरा तिला आठवत होती. ती उडते आहे, पण तिला पंख नाहीत. मग उडते हे कळते कशावरून? तिच्या गळ्यातल्या मोत्यांच्या माळा सरळ खाली पडत नाहीत, त्या एका बाजूला झुकल्या आहेत. चित्रकाराने वारा दाखवला तो दागिन्यातून. हे आठवल्यावर आमच्या सगळ्या कानातल्यांची लोंबण बदलली. आधी ती एकाच तारेने घट्ट बांधलेली असायची. आता मधे एक सैल कडी घालतो. बाई मान वळवते तेव्हा कानातले थोडे मागून वळते. काम वाढले, पण दागिन्यात जीव आला.

काय करू नये

एकदा आम्ही तथागतांच्या चेहऱ्याचे कानातले केले. नाजूक झाले होते, आठ जोड विकलेही गेले. विहारातल्या एका वृद्ध उपासकांनी ते हातात घेतले आणि शांतपणे विचारले, "मुलींनो, ज्यांच्यापुढे आपण बसतो, त्यांना कानाला लोंबकळत ठेवायचं?"

राग आला नाही असे नाही. बाजारात तर असे कितीतरी मिळते. पण रात्री विचार केला. सांचीच्या तोरणांवर तथागतांची मानवी मूर्ती नाही. त्यांच्या जागी बोधिवृक्ष आहे, धम्मचक्र आहे, पाऊलखुणा आहेत, रिकामे आसन आहे. नंतरच्या काळात मूर्ती झाल्या, त्यांचे कान बघा. पाळ्या लांब आहेत, पण रिकाम्या. राजपुत्र असताना जड कुंडले होती आणि गृहत्यागाच्या वेळी उतरवली, असा त्याचा अर्थ सांगतात. ज्यांनी दागिने उतरवले त्यांनाच आपण दागिना करायचे का?

आम्ही तो नमुना बंद केला. त्याऐवजी पिंपळपान केले. पिंपळाचे खरे पान ओल्या मातीवर दाबायचे, लाटणे हलके फिरवायचे, पान सोलून घ्यायचे. शिरा न् शिरा उमटते. दोन पाने कधी सारखी नसतात, म्हणून दोन माळाही सारख्या होत नाहीत. आमचा सर्वांत जास्त खपणारा दागिना आज हाच आहे. तो नकारातून आला. कधी कधी काय करायचे नाही हे ठरले की काय करायचे ते पुढे येते.

चुकीतूनही असेच मिळाले. एकदा भट्टीत आमचा डबा भुशाखाली गाडला गेला. हवा लागली नाही, धूर आत कोंडला, आणि लाल व्हायचे मणी काळे कुळकुळीत होऊन निघाले. रडकुंडीला आलो. कुंभारकाका म्हणाले, "टाकू नका, तेल लावून पुसा." पुसल्यावर काळा मणी असा चमकला की आता आम्ही मुद्दाम काळे करतो. रंगाचा खर्च नाही आणि तो उडतही नाही.

नक्कल आणि नाव

आमचे पिंपळपान चालू लागल्यावर एका दुकानदाराने नमुन्याला म्हणून सहा माळा नेल्या. पैसे पुढच्या महिन्यात देतो म्हणाला. पुढच्या महिन्यात त्याच्या दुकानात प्लॅस्टिकची पिंपळपाने लटकत होती. साच्यातली, सगळी अगदी सारखी. आमच्या एका माळेच्या किमतीत त्याच्या तीन.

धाकटी दोन दिवस जेवली नाही. मग थोरली म्हणाली, "त्याने पान नेले. झाड आपल्याकडेच आहे ना?" पुढच्या पावसाळ्यात आम्ही आंब्याची पालवी केली, चिंचेची डहाळी केली. वही भरलेली होती. ज्याची वही रिकामी असते त्याला नकलेची भीती. आम्हीही आधी नक्कलच करत होतो, हेही विसरलो नाही. मात्र आता उधारीवर नमुना देत नाही. आधी पैसे, मग माल.

याच सुमारास थोरलीचा मुलगा धम्मलिपी शिकू लागला. रविवारी लेण्यांवर जाऊन शिलालेख वाचणारी आपली तरुण मुले-मुली तुम्हीही पाहिली असतील. एकदा त्याने घरी येऊन सांगितले, की कान्हेरीत दान देणाऱ्यांच्या नावांत सोपाऱ्याचा एक मणिकार आहे. नाव नागपालित. कल्याणचा एक सुवर्णकारही आहे, स्वामिदत्त. त्याने पाण्याची टाकी दिली. मणिकार म्हणजे मणी-रत्ने घडवणारा. आमच्याच सोपाऱ्याचा! आणि सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंतावर कोरणाऱ्यांनी, हे काम केल्याचा लेख आहे. आयुष्यभर बोटभर वस्तूवर काम करणाऱ्या हातांनी एवढे मोठे तोरण कोरले.

सासूबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "मणी करणाऱ्याचं नाव दगडावर राहिलं? मग तुमच्या डब्यावर तुमचं नाव का नाही?"

आम्ही एकमेकींकडे पाहिले. खरेच की. खडे चिकटवताना नाव नव्हते, धुणीभांडी करताना तर नव्हतेच. आता स्वतःचे काम करूनही आम्ही कोरा डबा विकत होतो. त्या आठवड्यात पुठ्ठ्याची लहान कार्डे कापली. प्रत्येक कार्डावर पेनने लिहितो, कोणी केले, कोणत्या मातीचे, आणि घाट कशावरून घेतला. 'चैत्याची कमान, कान्हेरी.' 'करंजीची मुरड.' 'पिंपळपान, विहारामागचे झाड.' गिऱ्हाईक ते वाचते, घरी जाऊन मुलांना वाचून दाखवते. घासाघीसही कमी झाली.

मण्यांचे मोल मोठ्यांनाही उशिराच कळते. १८९८ साली उत्तर प्रदेशात पिप्रहवा येथे स्तूप उकरला, तेव्हा बुद्धांच्या अस्थींबरोबर रत्ने, मोती, पोवळी, सोन्याच्या पत्र्याची फुले निघाली. अस्थींबरोबर कोणा श्रद्धावंतांनी वाहिलेली. त्यांतला एक वाटा उत्खनन करणाऱ्या इंग्रज जमीनदाराच्या वंशजांकडे राहिला. मे २०२५ मध्ये तो हाँगकाँगला लिलावात निघाला. जगभरच्या बौद्धांनी आणि भारत सरकारने हरकत घेतली, लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती रत्ने भारतात परत आली. वर्तमानपत्रातला फोटो आम्ही वहीत चिकटवला आहे. एवढाल्याशा मण्यांमागे केवढी माणसे उभी राहिली!

तुम्हीही करून पाहा

भगिनींनो, दागिनेच करायला हवेत असे नाही. गोधडी शिवा, रांगोळी काढा, पिशव्या शिवा. कोणत्याही हातकामाला हे लागू आहे.

एक वही ठेवा, स्वयंपाकघरातच. चित्र काढता येत नसेल तर शब्दांत लिहा. थोरली आजही शब्दांतच लिहिते. रोज एक गोष्ट, पाच मिनिटे बघा. कांद्याची चीर, लोकलची जाळी, काहीही. जे आवडले त्याचे एकच रूप करून थांबू नका. पिंपळपान आम्ही दहा प्रकारांनी केले. मोठे, लहान, दुमडलेले, अर्धे, नुसत्या शिरा. पहिले चार कोणालाही सुचतात, आपले म्हणावे असे सातव्या-आठव्याला येते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांच्या आईने काय घातले आणि काय टाकले. दोन्ही लिहून ठेवा. सुचत नसेल त्या दिवशी माती मळा, दोरे गुंडाळा, हत्यारे पुसा. हात चालू राहिला की डोके मागून येते. आणि काम झाले की त्यावर आपले नाव घाला.

या कामातून आम्ही श्रीमंत झालेलो नाही. थोरलीने दोन घरची कामे अजून ठेवली आहेत. पण मुलांची फी वेळेवर जाते, आणि ती कशातून जाते हे मुले सांगतात तेव्हा त्यांचा आवाज खाली जात नाही.

राहता राहिल्या सासूबाई. गेल्या वर्षी त्यांच्या वाढदिवसाला आम्ही काळ्या मण्यांची नव्हे, लाल मण्यांची एकेरी माळ केली. मधे एक पिंपळपान. त्यांनी ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली, पानाच्या शिरांवरून अंगठा फिरवला. मग डबीत परत ठेवली.

"छान झालीये. पण मी घालणार नाही. आजीचं राहिलंय माझ्याकडे."

आम्ही आग्रह केला नाही. त्यांचा मोकळा गळा हेही एक लेणेच आहे, हे आता आम्हाला कळते.

पण रोज दुपारी जेवणे आटोपली की त्या चष्मा लावून दारात उजेडाला बसतात आणि आमच्याकडे ताट मागतात. डोळे अजून चांगले आहेत. सुई दोऱ्यात नाही, दोरा सुईत एका झटक्यात जातो. माळा त्या ओवतात. मागच्या महिन्यात त्यांनीच सांगितले, आता कार्डावर तिसरेही नाव लिहा.